भोंगा कोणासाठी?

भोपाळ शहराच्या उत्तरेस करोंद हा भाग आहे. तेथील भोपाळ मेमोरियल रुग्णालय वायुपीडितांसाठी उभारले गेले, आणि त्या काळरात्रीला चार दशके लोटल्यावरही धापा टाकत येणाऱ्यांची तेथील वर्दळ सरलेली नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री सुटलेला मिथिल आयसोसायनेट वायू केव्हाच विरून गेला. फुप्फुसांत आणि डोळ्यांत त्याने मागे ठेवलेली खूण विरली नाही. गोव्यातील वाचकांपुढे आम्ही हा विषय मांडतो आहोत तो केवळ कणवेपोटी नव्हे. यंत्रयुगात माणसाचे आरोग्य औषधाइतकेच वेळेवर कानी पडणाऱ्या वार्तेवरही अवलंबून असते, याचा इतका कठोर धडा आपल्या देशात दुसऱ्या कोणत्याही नगराने दिलेला नाही.

वार्ता नव्हती असे नव्हे. कारखान्यात १९८१ च्या अखेरीस फॉस्जीनने एका कामगाराचा बळी घेतला, तेव्हापासून राजकुमार केसवानी हा तरुण पत्रकार तेथील कागदपत्रे धुंडाळीत होता. आपल्या 'रपट' या चिमुकल्या हिंदी साप्ताहिकातून त्याने १९८२ साली लेखामागून लेख लिहून शहराला सावध केले. पुढे जून १९८४ मध्ये, म्हणजे दुर्घटनेच्या अवघे सहा महिने आधी, 'जनसत्ता'मधून तोच इशारा पुन्हा दिला. मंत्रिमहोदयांनी मात्र धोका मुळीच नसल्याचा निर्वाळा विधानसभेत देऊन टाकला होता. मोठ्या दैनिकांनाही त्या वेळी या विषयात रस वाटला नाही. केसवानींना पारितोषिक मिळाले ते १९८५ साली, प्रेते मोजून झाल्यावर!

मग ती रात्र आली. वायू थंड राखणारी शीतकरण यंत्रणा जूनपासूनच बंद होती. निसटता वायू जाळून टाकणारी ज्योतही निकामी होती. या यांत्रिक हलगर्जीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष वेधते ते भोंग्याकडे. वस्तीला ऐकू जाणारा भोंगा वाजू लागला आणि थोड्याच वेळात बंद करण्यात आला. लोकांनी उगाच घाबरू नये, अशी कारखान्याची रीत! ओल्या फडक्याने नाकतोंड झाकावे, वाऱ्याच्या दिशेने पळत सुटू नये, एवढी दोन वाक्ये भोवतालच्या झोपड्यांतून आधी कोणी सांगितली असती, तर कित्येक जीव वाचले असते. ती सांगण्यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची गरज नव्हती. लोक पळाले, धापा टाकत अधिकच वायू आत घेत राहिले. हमीदिया रुग्णालयातील डॉक्टरांपुढे रोग्यांचा लोंढा आला, तेव्हा हा वायू अश्रुधुरासारखा आहे, प्राणघातक नाही, असे कारखान्याकडून त्यांना ऐकवण्यात आले.

दुर्घटनेनंतरही माहितीचा हा दुष्काळ संपला नाही. प्रत्येक पीडिताच्या रोगेतिहासाची संगणकावर नोंद व्हावी आणि ज्याची त्याला आरोग्यपुस्तिका मिळावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये दिला. त्या संगणकीकरणाचा हिशेब बारा वर्षांनंतरही उच्च न्यायालयाला मागावा लागत होता. आज त्याच रुग्णाच्या घरी भ्रमणध्वनी असेल. कोणता काढा प्यावा, दिवसाकाठी किती पावले चालावीत, हे सांगणारे पन्नास अनाहूत वैद्य त्यात दाटीने बसलेले असतील. ज्या एका कागदाची खरी गरज, तो मात्र कोठल्यातरी गठ्ठ्यात पडून आहे.

अविश्वास रुजतो तो याच भूमीत. कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये जाळण्यासाठी पिथमपूरला नेला, तेव्हा तेथील लोक रस्त्यावर उतरले. न्यायालयाने माध्यमांना खोट्या बातम्या न देण्याविषयी बजावले, आणि ते योग्यच होते. जूनअखेर कचरा जाळूनही झाला. पण चाळीस वर्षे खरे दडपले गेल्यावर, सरकारने सांगितलेले खरेसुद्धा लोकांना खोटे वाटावे यात नवल ते काय?

भोपाळ समुद्रापासून दूर असले, तरी हा प्रश्न आपल्या दारात आहे. विशाखापट्टणमच्या कारखान्यातून ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरीन सुटले आणि बारा माणसे गेली. भोंगे जागोजागी होते, वाजला एकही नाही. आपल्या चिखलीत जानेवारी २०१८ मध्ये भल्या पहाटे अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा झोपेतल्या माणसांना घरे सोडून धावावे लागले. मुरगाव बंदरातून खत कारखान्याकडे असे टँकर जात, हे सर्वांना दिसत होते. टँकर फुटला तर काय करावे, हे किती जणांना ठाऊक होते? केरीच्या नायलॉन प्रकल्पाविरुद्ध १९९५ मध्ये गोमंतकीय जनता उभी ठाकली. पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचे प्राण गेले, आणि प्रकल्प गोव्याबाहेर गेला. त्या लढ्याला विकासविरोध म्हणणाऱ्यांनी भोपाळ आठवावे. एका प्रकल्पाला नकार देणे मात्र सोपे. जे कारखाने आणि जी बंदरे येथे राहणारच आहेत, त्यांच्याविषयी जागरूक राहणे अधिक कठीण.

कायदा नाही असेही नाही. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार, अपघाताची झळ ज्यांना पोचू शकते त्यांना धोक्याचे स्वरूप आणि बचावाचे उपाय आधीच कळवणे बंधनकारक आहे. कारखान्याबाहेरील आपत्कालीन आराखडा जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी तयार ठेवायचा आहे. हे आराखडे कपाटात कुलूपबंद ठेवून कोणाचे भले होणार? ते कोकणीत आणि मराठीत छापून पंचायतीच्या फलकावर लावावेत, देवळाच्या सभामंडपात आणि शाळेत वाचून दाखवावेत, वर्षातून एकदा भोंगा वाजवून सराव घ्यावा. भ्रमणध्वनीवर सूचना पाठवाव्यात, पण पहाटे तीन वाजता तो उशाशी मुका पडलेला असतो, हेही ध्यानी धरावे. मुरगाव तालुक्याचा आराखडा कोणी पाहिला आहे काय, हा प्रश्न तेथील ग्रामस्थांनी येत्या ग्रामसभेत इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि लेखी उत्तर मागावे.