दोन घोटांचे परीक्षक

पाचपैकी पावणेतीन! आमच्या टीममधल्या एका साहेबांनी हॉबसन्स माइल्डला हे मार्क दिले आणि खाली शेरा मारला, "पातळ आहे. हॉप्स लागत नाहीत. बोअर." प्यायले किती? दोन घोट. तेसुद्धा चाखायच्या छोट्या ग्लासातून, आणि त्याच ट्रेवरची सात टक्क्यांची आयपीए आधी रिचवून झाल्यावर. ठेचा-भाकरी खाऊन तोंड पोळलेल्या माणसाने मग वरणभाताला "चव नाही" म्हणावं, तसला हा प्रकार.

माणूस चांगला आहे हो. कोड रिव्ह्यू तर इतका बारकाईने करतो की समोरच्याला घाम फुटतो. पण हातात फोन आला की बियर राहते बाजूला आणि मार्कवाटप सुरू. हे वाचून सोमवारी तो मला कॉफी मशीनपाशी गाठणार. गाठू दे.

तर मंडळी, आधी भांडण कशावरून आहे ते सांगतो. इंग्लंडच्या पश्चिमेला श्रॉपशर परगण्यात क्लिओबरी मॉर्टिमर नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९९३ साली हॉबसन्स ही ब्रुअरी सुरू झाली. त्यांची ही माइल्ड फक्त ३.२ टक्क्यांची. आपल्याकडे 'स्ट्राँग' म्हणून जे विकतात त्याच्या निम्मीसुद्धा नाही. आणि हीच किडमिडीत बियर २००७ साली 'चॅम्पियन बियर ऑफ ब्रिटन' ठरली! पिंपातल्या जिवंत एलसाठी १९७१ पासून भांडणारी कॅमरा ही ग्राहकांची संघटना आहे, तिची ही स्पर्धा. तिथे बियरी आधी आपापल्या गटात चाखल्या जातात, अंतिम फेरी नंतर. माइल्डची पहिली लढत माइल्डशीच.

माइल्डमध्ये सगळा खेळ माल्टचा. माल्ट म्हणजे काही परग्रहावरची वस्तू नाही. घरी नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतात ना, तसंच जवाला मोड आणायचे, वाळवायचे आणि हवा तसा भाजायचा. भाजणी हलकी तर रंग सोनेरी, जास्त तर तपकिरी, त्याहून जास्त तर काळा. इंग्रज लोक या चवींना बिस्किट, टॉफी, ट्रीकल म्हणतात. मला विचाराल तर आपल्याकडे जास्त चांगले शब्द आहेत. पहिल्या वासाला थालीपिठाची भाजणी, मग दाण्याची चिक्की, मागे किंचित काकवी, आणि घशाखाली उतरताना कोऱ्या कॉफीचा हलका कडवटपणा. पण हे सगळं बारा अंशांच्या आसपासच कळतं. बर्फगार करून द्या, गार तपकिरी पाणी लागेल. आपल्याला लहानपणापासून "थंडगार" हा एकच निकष शिकवलेला, त्यामुळे कोमट बियर म्हणून नाक मुरडणारे आपलेच लोक जास्त. असो.

आता मूळ मुद्दा. कुठल्याही बियरच्या ॲपमध्ये सरासरी मार्कांनुसार उतरती यादी लावून बघा. वर काय दिसतं? दहा-बारा टक्क्यांचे इम्पीरियल स्टाउट, व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेले. मग डबल आयपीए, ट्रिपल आयपीए. म्हणजे जी बियर पहिल्या घोटात कानाखाली आवाज काढते ती वर, आणि जी तीन तास गप्पा मारत प्यायसाठी केलेली असते ती खाली. आपण बियर मोजतच नाही आहोत, पहिला घोट मोजतोय. चुकीची गोष्ट मोजली तर डेटा कितीही लाखांत असला तरी काय उपयोग, हे आमच्या धंद्यातल्या लोकांना दुसऱ्याने सांगावं लागतं? रीतसर परीक्षकांचा बीजेसीपी तक्ता पन्नास मार्कांचा असतो: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण परिणाम १०. आणि डार्क माइल्ड ३ ते ३.८ टक्क्यांचीच असते हे त्यांच्या नियमांत लिहिलेलं आहे. स्पेक वाचा, मग टेस्ट करा राव!

"चव ज्याची त्याची, तुझं काय जातं?" असं कोणीतरी म्हणणारच. जातं ना. कास्क एल म्हणजे पिंपात यीस्ट जिवंत असलेली बियर. नेहमीच्या पिंपात ७२ पाइंट मावतात आणि पिंप उघडलं की साधारण तीन दिवसांत संपवावं लागतं. लोक फोनवर पावणेतीन बघतात आणि शेजारची मागवतात. पिंप पडून राहतं. चौथ्या दिवशी कोणाला तरी आंबूस ग्लास मिळतो, तो दोन मार्क देतो. सरासरी आणखी खाली. पबवाला पुढच्या वेळी मागवत नाही, आणि छोट्या ब्रुअरीला ती बनवणं परवडत नाही. बग नसलेल्या बियरमध्ये आपणच बग घालतोय! ब्रिटिश सरकारने ऑगस्ट २०२३ पासून साडेतीन टक्क्यांच्या आतल्या बियरवर कमी दराने कर लावला. सरकारला जे सुचलं ते आपल्याला सुचू नये?

सगळ्या माइल्ड चांगल्या असतात असं मुळीच नाही. स्टेशनजवळच्या एका पबात मला जी मिळाली ती भांडी धुतल्याच्या पाण्यासारखी होती. अशीला खुशाल एक द्या. फक्त एक पूर्ण पाइंट घ्या, फोन खिशात ठेवा आणि अर्धा ग्लास झाला की ठरवा.

हॉबसन्स माइल्ड, माझे मार्क: वास ९, दिसणं ३, चव १७, पोत ४, एकूण ९. बेचाळीस. पोतातला एक कापला, कारण शेवटी जराशी पाणचट वाटली. पण दुसरा पाइंट मागवला, म्हणून एकूण परिणामात नऊ.