रात्रपाळीची झोप आणि कूलरची घरघर

सोलापूर-पुणे महामार्गावरच्या चिंचोळी एमआयडीसीतली रात्रपाळी सुटते, तेव्हा बाकीच्या शहराचा दिवस सुरू झालेला असतो. कापड, रसायने, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतून बाहेर पडलेले कामगार सोलापूर, मोहोळ आणि आसपासच्या गावांकडे निघतात. घरी पोहोचून चार घास खाऊन आडवे व्हावे, तर एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याचे छप्पर सकाळपासूनच तापू लागते. मग खिडकीतला कूलर लावला जातो आणि त्याच्या घरघरीत झोप शोधली जाते. उकाडा तरी सोसावा किंवा आवाज तरी, अशी ही निवड आहे आणि ती अटळ आहे, असे बहुतेक घरांनी मानून घेतले आहे. प्रत्यक्षात ती तशी अटळ नाही.

कूलर हे नुसते गारव्याचे यंत्र नाही. तो बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून ओढून घरात ढकलतो आणि आतली हवा दुसऱ्या खिडकीदारातून बाहेर जाते. खोलीतला साधा एसी तीच ती हवा फिरवतो, कूलर ती बदलतो. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो चांगले काम देतो, ते यामुळेच. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा आणि हा कूलर, एवढीच सामान्य घरातली वायुवीजनाची व्यवस्था असते. म्हणून तिच्या आवाजाचा प्रश्न किरकोळ समजून सोडून देता येत नाही.

आकडे पाहिले की प्रश्नाचे गांभीर्य कळते. झोपण्याच्या खोलीतला सततचा आवाज ३० डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. आपल्याकडे पर्यावरण संरक्षण नियमांनी एअर कूलरसाठी उत्पादनाच्या टप्प्यावर घातलेली मर्यादा ६० डेसिबल आहे. दोन्ही मोजमापे एकाच जागची नाहीत हे खरे, तरीही तफावत मोठी आहे. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो. दर १० डेसिबलला आवाज कानाला सुमारे दुप्पट वाटतो. म्हणजे ६० डेसिबल हा ३० च्या दुप्पट नव्हे, तर सुमारे आठपट मोठा भासतो. शिवाय ही मर्यादा नव्या कूलरची. चार उन्हाळे काढलेला, सैल स्क्रूंचा कूलर कुठवर जात असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा मानली जाते. अशा आवाजातून आलेल्या कानाला तात्पुरता बधिरपणा येतो. पुढचे काही तास शांतता मिळाली तर तो भरून निघतो. ती वारंवार मिळाली नाही तर ऐकण्याची हानी कायमची होण्याचा धोका वाढतो. त्यात दिवसाची झोप मुळातच रात्रीच्या झोपेपेक्षा कमी आणि उथळ असते. उजेड, उष्णता आणि शरीराचे घड्याळ हे तिन्ही तिच्या विरोधात असतात. अपुऱ्या झोपेचा माणूस पुढच्या पाळीत यंत्रापुढे उभा राहतो आणि पहाटे महामार्गावरून दुचाकी चालवत घरी येतो, हेही विसरता येत नाही.

कायदाही येथे फारसा उपयोगी पडत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ही रात्र दहा ते सहाची. सकाळी नऊला ज्याची रात्र सुरू होते, त्याच्यासाठी कायद्यात रात्रच नाही. त्याची शांतता घरातच तयार करावी लागते.

त्यासाठी घरोघरी होणारे पहिले उपाय मात्र चुकीचे असतात. बाहेरचा गोंगाट नको म्हणून कूलर चालू असताना सगळी दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात. मग आतली दमट हवा अडकते, गारवा संपतो आणि पंखा वाढवावा लागतो. फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट पंखा आवाज करतो म्हणून बंद ठेवला, तर धूर घरातच कोंडतो. आवाज कमी करायचा तो पंख्याच्या जागी. हवा बंद करून मिळवलेली शांतता महागात पडते.

पंख्याच्या आवाजाचे गणित ग्राहकाच्या बाजूचे आहे. वेग वीस टक्क्यांनी उतरवला तर हवा साधारण तेवढीच कमी होते, पण आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो. वेग निम्मा केला तर सुमारे १५ डेसिबलने. म्हणून छोटा पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठ्या पात्याचा पंखा सावकाश फिरवणे केव्हाही चांगले. नवा एक्झॉस्ट पंखा घेताना भिंतीत जागा असेल तर एक आकार मोठा घ्यावा. रात्रपाळीचा माणूस घरी येण्याआधी घरच्यांनी कूलर पूर्ण वेगाने लावून खोली गार करून ठेवावी आणि तो झोपताना वेग कमी करावा. ताट्या धूळ आणि क्षारांनी तुंबल्या असतील तर पंख्यावर ताण येतो. आवाज वाढतो आणि हवा कमी होते. दर हंगामाच्या सुरुवातीला त्या बदलणे हा खर्च नव्हे, बचत आहे.

उरलेला आवाज बहुतेक वेळा पंख्याचा नसतो, तो थरथरणाऱ्या पत्र्याचा असतो. बोअरच्या जड पाण्याचे क्षार पात्यांवर असमान बसले की पाते डळमळते आणि सगळी पेटी हादरते. खिडकीच्या गजांवर टेकवलेला कूलर ती थरथर भिंतीत आणि तिथून खाटेपर्यंत पोहोचवतो. कूलर वेगळ्या, मजबूत स्टँडवर ठेवावा, पायांखाली जाड रबर घालावे, पेटी आणि खिडकी यांच्यामधली फट फोमने भरावी. पाती धुवावीत, स्क्रू आवळावेत, पंपाला पाणी पुरते आहे ना ते पाहावे. पंप कोरडा पडला की कर्कश आवाज करतो. हे सारे करण्याआधी प्लग काढलाच पाहिजे आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतले पाहिजे. पाणी आणि लोखंडी पेटी यांच्यात वीज उतरली तर आवाजाचा प्रश्न गौण ठरतो.

मोकळ्या सिमेंटच्या भिंती आवाज परतवतात. समोरच्या भिंतीवर जाड सोलापुरी चादर टांगली तर हवेचा सूंसूं आवाज थोडा शोषला जातो. मोटरची खोल घुमघुम मात्र तिला आवरत नाही, त्यासाठी रबरच हवे.

घरच्यांनी एवढे केल्यावर बाकीचे काम उत्पादकांचे आणि सरकारचे आहे. पंख्यावरचे ऊर्जा बचतीचे तारे विजेचा हिशेब सांगतात, झोपेचा सांगत नाहीत. कूलर आणि पंख्याच्या खोक्यावर प्रत्येक वेगाला किती डेसिबल आवाज होतो, ते छापणे सक्तीचे करावे. कूलरची ६० डेसिबलची मर्यादा ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत गाठायची होती. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, पंखे आणि मोटरी इतक्या सुधारल्या असताना, ती खाली आणायला हरकत नसावी. चिंचोळीतल्या कारखानदारांनीही कामगारांच्या सुरक्षा प्रशिक्षणात घरच्या झोपेवर अर्धा तास द्यावा. चार रबरी तुकडे आणि एक पाना यांचा खर्च एका अपघातापुढे काहीच नाही.