‘बरं चाललंय’चा हिशेब

‘काय, तब्येत कशी?’ ‘बरं चाललंय.’ सकाळी ग्लुकोमीटरवर २१० पाहून आलेला माणूसही कट्ट्यावर हेच सांगतो. ते खोटं नसतं. रात्री झोप लागली, गुडघे कुरकुरले नाहीत, मुलीचा फोन आला. ‘बरं’ त्यातून ठरतं, नुसत्या साखरेवरून नाही.

देशोदेशीच्या आरोग्य पाहण्यांत हाच प्रश्न असतो: प्रकृती उत्तम, चांगली, बरी की वाईट? आयडलर आणि बेन्यामिनी या संशोधकांनी १९९७ मध्ये २७ अभ्यास ताडून पाहिले. बहुतेकांत या साध्या उत्तरातून पुढच्या मृत्यूच्या धोक्याचा अंदाज येत होता.

देशादेशांची, राज्याराज्यांची तुलना मात्र जपून करावी. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये दाखवलं, की केरळात आयुर्मान अधिक, पण आजाराच्या तक्रारीही अधिक. बिहारमध्ये नेमकं उलट. शिकलेल्या, दवाखाना जवळ असलेल्या माणसाला दुखणं ओळखता येतं. मधुमेहाचंही तसंच. तळपायाला येणाऱ्या मुंग्या कुणी ‘वयाच्या’ म्हणून सोडून देतो, कुणी तपासून घेतो.

१४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनानिमित्त काढलेल्या या अंकात म्हणूनच आकड्यांइतकाच मान त्या ‘बरं’लाही दिला आहे. यंदा कुणी ‘बरं चाललंय’ म्हणालं, तर आणखी एक प्रश्न जरूर विचारा.