आधी शिकवा, मग वर चढवा!

गवंडी, सेंट्रिंगवाले, फिटर, वायरमन, प्लंबर आणि नाक्यावरच्या प्रत्येकासाठी जाहीर पत्रक



29 जुलै 2016ला पुण्याच्या बालेवाडीत स्लॅब कोसळून नऊ कामगार गेले. फेब्रुवारी 2022मध्ये येरवड्यात सळयांचा सांगाडा अंगावर येऊन पाच गेले. आणि आजही साइटवर सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं नाव काढलं की ठेकेदार म्हणतो, "मिस्त्री जुना आहे, त्याला काय शिकवायचं?"

काम येणं वेगळं, कामातला धोका ओळखणं वेगळं. समजा, पाण्याच्या बंद टाकीतलं सेंट्रिंग काढायचं आहे. ओल्या फळ्या कुजतात आणि आतला प्राणवायू खाऊन टाकतात. हवेत तो साधारण 21 टक्के असतो, 19.5च्या खाली गेला की धोका सुरू. वास येत नाही, काही दिसत नाही. एक जण उतरतो आणि पडतो. त्याला काढायला जोडीदार धावतो, तोही पडतो. आधी हवा तपासायची, पंख्याने ताजी हवा आत सोडायची, बाहेर एक माणूस दोरी धरून उभा ठेवायचा, हे वीस वर्षं फळ्या ठोकून आपोआप कळत नाही. कुणीतरी शिकवावं लागतं.

सेफ्टी बेल्टचंही तेच. सुरक्षा-पेटीत बेल्ट मिळाला, फोटो निघाला, काम संपलं! हुक कुठे अडकवायचा ते कोण सांगणार? बेल्टची दोरी 1.8 मीटरची. हुक पायाशी अडकवला तर ती ताणली जाईपर्यंत माणूस तीन मीटरहून जास्त खाली येतो. पहिल्या स्लॅबची उंची तेवढीच. म्हणजे बेल्ट घालूनही तो जमिनीवर आपटणार. हुक डोक्याच्या वर, पक्क्या आधाराला हवा. परांचीच्या हलत्या पाइपाला नव्हे.

बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर कामगारांच्या नावाने घेतला जातो. तो भरल्याची पावती तपासता येते, तर प्रशिक्षणाची नोंदवही का तपासता येत नाही? आमची मागणी साधी आहे. जोत्याचा दाखला देण्याआधी पालिकेने ही वही मागावी: कोणाला, कोणत्या तारखेला, काय शिकवलं, खाली त्याची सही किंवा अंगठा. शिकवणारा स्वतः परांचीवर काम केलेला असावा आणि त्याने कामगाराच्या भाषेत बोलावं, मग ती मराठी असो, हिंदी, बंगाली वा तेलुगू. हातात कागद देऊन भागणार नाही. बेल्ट बांधून, हुक लावून दाखवावा आणि प्रत्येकाकडून करवून घ्यावा. आणि त्या दिवसाची पूर्ण हजेरी मिळालीच पाहिजे. रोज बुडवून शिकायला कोण येणार? ज्याच्या घरी संध्याकाळी पीठ आणायचंय तो येणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

मित्रांनो, न शिकवता टाकीत उतरवत असतील, वर चढवत असतील, तर एकट्याने नाही म्हणू नका. एकट्याला काढून मुकादम नाक्यावरून दुसरा उचलतो. गवंडी, सेंट्रिंग, फिटर, बिगारी, सगळ्या टोळ्यांनी मिळून सांगा: आधी शिकवा, मग काम.