बोदवडपासून टर्फ किती लांब?

पोरगी जिल्ह्यावर हॉकी खेळून आली की दोन-चार दिवसांत तिचा बाप शाळेच्या गेटापाशी येऊन थांबतो. "मॅडम, हिचं काही व्हईन का?" शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून माझी सगळी नोकरी बोदवडात गेली. हा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेला नाही. हल्ली तो जास्त नेमका झाला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला. हरमनप्रीत सिंगला सूरमा क्लबनं ७८ लाखांना घेतलं, मुलींमध्ये उदिता दुहानला ३२ लाख मिळाले. हे आकडे मोबाइलवरून आमच्या तालुक्यातल्या वस्त्यांपर्यंत पोहोचले. आता बाप विचारतो, "त्या लीगमधी जाईन का ही?"

आधी लीगचा हिशेब मांडते. २०१७ नंतर बंद पडलेली ही लीग २०२४च्या अखेरीस परत सुरू झाली, तेव्हा पुरुषांचे ८ संघ होते आणि महिलांचे ४. एका संघात २४ जण, त्यांत निदान १६ भारतीय, आणि या भारतीयांत ४ ज्युनिअर घेणं बंधनकारक. म्हणजे साऱ्या देशातल्या मुलांसाठी १२८ जागा, मुलींसाठी ६४. बेस प्राइस २, ५ आणि १० लाख. हंगाम महिना-सव्वा महिन्याचा. महाराष्ट्राच्या नावाचा एकही संघ त्यात नव्हता. पूर्वी 'दबंग मुंबई' होता, तो लीगबरोबरच गेला. संघ कुठूनही निवडता येतो हे खरं, पण आपल्या गावचा संघ असला की त्याचे लोक आपल्या मैदानांवर पोरं बघायला येतात. तसं आमच्याकडे कोणी येत नाही.

या ६४ जागांतली एक बोदवडच्या पोरीला मिळणार की नाही, हे ती सोळाची होण्याआधीच ठरून गेलेलं असतं. आणि ते ठरतं तिच्या घरापासून टर्फ किती लांब आहे त्यावर.

१९७६ साली मॉन्ट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर, म्हणजे टर्फवर झाली. चार वर्षं आधीपर्यंत पदकाशिवाय कधी न परतलेला भारत त्या वेळी सातवा आला. आमच्या तालुक्यात ते १९७६ अजून संपलेलं नाही. मुरमाड मैदानावर चेंडू उसळत येतो, म्हणून पोरी अंग ताठ ठेवून तो आधी थांबवायला शिकतात आणि मग मारतात. टर्फवर तो जमिनीलगत सरसरत येतो. तिथे कमरेत वाकून, स्टिक आडवी टेकवून, धावता धावता तो घ्यावा लागतो आणि त्याच दमात पुढे द्यावा लागतो. ही सवय अकराव्या-बाराव्या वर्षी लागली तर अंगात मुरते. अठराव्या वर्षी जुनी मोडून नवी लावायला कुठल्याही निवड समितीपाशी वेळ नसतो. माझ्या मुली विभागातून पुढे गेल्या की पिंपरीच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर आयुष्यात पहिल्यांदा टर्फ बघायच्या. त्या ओल्या हिरव्या-निळ्या जमिनीवर त्यांचे कॅनव्हासचे बूट घसरायचे. समोरच्या मुली त्यांच्याहून चपळ असायच्याच असं नाही. पण त्यांचे पाय त्या जमिनीला ओळखायचे. पहिला अर्धा सामना आमच्या मुलींचा नुसता चेंडूचा वेग समजण्यात जायचा, आणि निवड करणारे नेमके तेवढंच बघायचे.

यावर मला हमखास धनराज पिल्लेचं नाव सांगितलं जातं. तो कुठे टर्फवर वाढला? खरं आहे. खडकीच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत, मोडक्या स्टिका जोडून, चिखलाच्या मैदानावर तो खेळला, आणि पुढे १९९२ ते २००४ अशा चार ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरला. पण त्याची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. वडील मैदानाची देखभाल करणारे. घरातले भाऊ खेळणारे. थोरला रमेश मुंबईत हॉकी खेळत होता, म्हणून धनराज विशीच्या आत मुंबईला गेला, जोकिम कार्व्हालोंच्या नजरेस पडला, महिंद्राच्या संघात आला. गुणवत्तेच्या पाठीशी वसाहत होती, भाऊ होता, नोकरी देणारी कंपनी होती. माझ्या मुलींच्या पाठीशी यातलं काय आहे, तेवढं मोजा आणि मग धनराजचं नाव घ्या.

मी हे रागानं म्हणते, कारण तसं सगळं आमच्याकडेही होतं. माझे वडील वरणगावच्या आयुध निर्माणीत होते. वसाहतीच्या मैदानावर संध्याकाळी मोठी माणसं हॉकी खेळायची आणि आम्ही पोरंपोरी कडेला उभं राहून बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचो. खेळ मी तिथेच उचलला. भुसावळला दुसरी आयुध निर्माणी, शिवाय मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय. देशभरात हॉकी वाढली ती अशाच रेल्वे वसाहतींत आणि कारखान्यांच्या मैदानांवर. हॉकीपटू लेस्ली क्लॉडियस बिलासपूरचा, तेही रेल्वेचंच गाव. खडकीला जे होतं त्यातलं पुष्कळ तीस किलोमीटरच्या आत आमच्यापाशी होतं, आणि आपण ते मैदानावरून हळूहळू निसटू दिलं.

मुलींबद्दल मला वेगळी आशा वाटते, आणि ती सातारा जिल्ह्याकडे बघून वाटते. फलटण तालुका दुष्काळी पट्ट्यातला. तिथल्या आसू गावची वैष्णवी फाळके, वाखरीची अक्षता ढेकळे. दोघी शेतकऱ्यांच्या मुली, दोघी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडल्या. २०२२च्या ज्युनिअर विश्वचषकात दोघी भारताच्या संघात होत्या. वैष्णवी पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघातही खेळली. त्यांच्याच जिल्ह्यातली ऋतुजा पिसाळ आणि अक्षता जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला फाइव्ह-अ-साइड विश्वचषकात भारताकडून उतरल्या. दहा जणींचा संघ, त्यात दोघी साताऱ्याच्या, आणि संघाला रौप्यपदक. या पोरी आमच्या कापूस वेचणाऱ्या पोरींहून वेगळ्या मातीच्या नाहीत. फरक एवढाच की त्यांना वेळेवर कोणीतरी पुण्याला पोचवलं. मुलग्यांची गर्दी फार मोठी आहे. मुलींच्या रांगेत अजून जागा आहे, असं माझं अनुभवावरून बनलेलं मत आहे. लीगच्या संघात चार ज्युनिअर घ्यावेच लागतात, हा नियमही अशा मुलींच्याच कामाचा.

फलटण हा अपवाद असं कोणी म्हटलं, तर हरियाणातलं शहाबाद मारकंडा बघा. छोटं गाव. हातगाडी ओढणाऱ्याची मुलगी रानी रामपाल तिथे बलदेवसिंगांच्या हाताखाली शिकली आणि चौदाव्या वर्षी भारताकडून खेळली. ओडिशाचं सुंदरगड बघा. तिथे गावोगावच्या स्पर्धांत बक्षीस म्हणून बोकड लावतात. दिलीप तिर्की ज्या सौनामारा गावातून आला त्याच गावातून पुढे अमित रोहिदास आला. राउरकेलाजवळ पानपोशला सरकारी क्रीडा वसतिगृह १९८५ पासून चालू आहे, आणि पुढे सुंदरगडच्या सतराही ब्लॉकमध्ये टर्फ घालायचं तिथल्या सरकारनं ठरवलं. एका जिल्ह्यात सतरा! आम्ही सबंध खानदेशासाठी एक मागतो आहोत.

ते बोदवडला मागत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. टर्फवर खेळायच्या आधी पाणी मारावं लागतं, दर सामन्याला हजारो लिटर. आमच्या गावात उन्हाळ्यात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. बोदवड परिसर सिंचन योजनेची वाट बघत दोन पिढ्या गेल्या. बायका हंडे घेऊन उभ्या असताना मैदान भिजवा, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? कमी पाण्याचं टर्फ पॅरिस ऑलिंपिकला वापरलं गेलं, बिनपाण्याच्या टर्फवर काम चालू आहे. ते येईल तेव्हा बोदवडला आणू. आज भुसावळला तापी आहे, रेल्वेची जागा आहे, आयुध निर्माणीची जागा आहे, आणि आमच्या स्टेशनावरून गाडीनं पोरी शाळेनंतर तिथे जाऊन रात्री परत येऊ शकतात. आमच्या रावेर मतदारसंघाच्या खासदार रक्षाताई खडसे केंद्रात क्रीडा राज्यमंत्री आहेत. क्रीडा खातं, रेल्वे आणि संरक्षण खात्याची कंपनी या तिघांना एका टेबलाशी बसवायला त्यांच्याइतकी सोयीची जागा खानदेशातल्या कोणाला याआधी मिळालेली नाही. भुसावळचं टर्फ त्यांनी मनावर घ्यावं, ही माझी जाहीर विनंती आहे.

आणि टर्फबरोबर पाच-सहा वर्षं टिकणारा प्रशिक्षक हवा. मैदान उद्घाटनाच्या फितीपुरतं असून भागत नाही. बलदेवसिंग शहाबादला वर्षानुवर्षं राहिले, म्हणून तिथे मुली घडल्या.

पालकांशीही मला बोलायचं आहे. लीग हे शिखर आहे; हॉकीवर घर चालतं ते नोकरीनं. रेल्वे, पोलिस, तेल कंपन्या, बँका खेळाडू घेतात, रेल्वेचा महिला संघ देशात नेहमी वरच्या फळीत असतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडची निम्मी हॉकी त्या गुणांपाशी येऊन थांबते. दहावीचा निकाल लागला की स्टिक माळ्यावर जाते. गुण घ्या, तुमचा हक्क आहे. पण ज्या पोरीत खरंच धाव आहे तिला त्या गुणांसाठी खेळवू नका; आणि वेचणीच्या दिवसांत जिल्ह्याची स्पर्धा आली तर तिला शेतातून मोकळी करा. तिच्या चार दिवसांच्या मजुरीची उणीव मलाही कळते. म्हणून शाळेनं, गावातल्या जिनिंगवाल्यांनी, बाजार समितीनं मिळून तेवढी भरपाई द्यावी, असं मी दरवर्षी सुचवते. एक-दोघांनी दिलीही.

परवा ज्याला मी उत्तर दिलं त्या बापाची पोरगी सातवीत आहे. डावीकडून असा चेंडू काढते की मी बघत राहते. मी त्याला म्हटलं, भाऊ, लीगचं वचन मी देत नाही, कोणीच देऊ शकत नाही. पण बोदवडात राहिली तर तिची संधी शून्य आहे, हे मी लिहून देते. यंदाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांना तिला पाठव. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवर नाव आणि तारीख एकसारखी करून घे, तिथेच आपली मुलं मागे पडतात. नववीपर्यंत थांबू नकोस. निवड झाली नाही तर परत माझ्याकडे आण, पुढच्या वर्षी पुन्हा पाठवू. तो म्हणाला, "एकटी पोरगी पुण्याले कशी राहीन, मॅडम?" मी त्याला वैष्णवीच्या आसू गावाचं नाव सांगितलं आणि अर्ज त्याच्या हातात दिला. तो अजून भरून आलेला नाही. येत्या सोमवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे.