सवलत चेंडूला असते, आकड्याला नाही

पावसाळ्यात गोल्फ कोर्सवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आज प्रिफर्ड लाय होता ना, मग हा स्कोअर कशाला टाकायचा?" ऐकायला किती सोज्वळ! जणू माणूस म्हणतोय, मला फुकटची सवलत मिळाली, तिच्या जोरावर मी स्वतःला चांगला खेळाडू ठरवणार नाही. आजूबाजूचे माना डोलावतात आणि विषय चहाकडे वळतो. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा ही लबाडी असते, आणि नम्रतेचे कपडे घालून येते म्हणून कुणाला खटकत नाही.

ज्यांनी गोल्फ फक्त रील्समध्ये पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. या खेळात हँडिकॅप नावाची भन्नाट सोय आहे. समजा तुम्ही साधारण 95 स्ट्रोकमध्ये राउंड संपवता आणि तुमचा मित्र 80 मध्ये. तरी तुम्ही दोघं बरोबरीने स्पर्धा खेळू शकता, कारण कच्च्या खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणे स्ट्रोक सोडले जातात. क्रिकेटमध्ये मला कुणी पन्नास रन आधीच देऊन बॅटिंगला पाठवत नाही. गोल्फमध्ये देतात. पण ती कुवत ठरते तुम्हीच टाकलेल्या स्कोअरवरून. थर्ड अंपायर नाही, डीआरएस नाही. तुम्ही, सोबतचा एक खेळाडू आणि एक कार्ड, एवढाच कारभार.

आता प्रिफर्ड लाय. पावसात फेअरवे चिखलाने भरतो, चेंडू रुततो, त्याला माती चिकटते. म्हणून कोर्सची कमिटी एक स्थानिक नियम लागू करू शकते : फेअरवेवर पडलेला चेंडू उचला, पुसा आणि ठरवून दिलेल्या अंतरात, होलच्या जवळ न नेता, पुन्हा ठेवा. ही चोरवाट नाही. गोल्फच्या अधिकृत नियमांतच या स्थानिक नियमाचा नमुना छापलेला आहे. आणि 2020 पासून जगभर आलेली वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम, जिचा भारतातला कारभार इंडियन गोल्फ युनियनकडे आहे, तिच्या हिशेबात कमिटीने रीतसर लावलेल्या प्रिफर्ड लायमधला स्कोअर ग्राह्य असतो. म्हणजे तो टाकायचा असतो. इच्छा असेल तर टाका, असा तो मामला नाही.

मी जामचा. नागपूर-हैदराबाद हायवेवरचं आमचं गाव. इथे वाढलेल्या पोराला गोल्फ शिकायचा तर गाव सोडावं लागतं, पण स्थानिक नियम काय असतात हे शिकायला कुठे जावं लागत नाही. एक टप्पी आऊट. भिंतीला डायरेक्ट लागला तर दोन. शेजारच्या अंगणात गेला तर आऊट आणि चेंडू आणायलाही त्यानेच जायचं. हे सगळं टॉसच्या आधी ठरतं. त्यानंतर कुणी चाळीस मारले तर ते चाळीसच. बाउंड्री जवळ होती म्हणून मी माझे चाळीस धरत नाही, असं म्हणणारा भाऊ मी अजून पाहिला नाही.

आमच्या भागातलं दुसरं उदाहरण मैदानातलं नाही, पण मला जास्त पटणारं आहे. 2024 च्या हंगामात सोयाबीन ओलं होतं. हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा 12 टक्के होती, ती केंद्राने त्या हंगामापुरती 15 टक्क्यांवर नेली. चांगलं झालं, उशिरा झालं, ते भांडण वेगळं. मुद्दा असा की ढील मिळाली ती मर्यादेला. ओलावा मोजणाऱ्या यंत्राला नाही मिळाली. यंत्र 14 दाखवत असेल तर कागदावर 14 च लिहायचे, आणि 14 चा माल घ्यायचा. निकष सैल झालाय म्हणून आता मोजायचंच कशाला, असं कुणी म्हणालं असतं तर शेतकऱ्याने आणि व्यापाऱ्याने मिळून त्याला चौकापर्यंत पळवला असता. गोल्फवाले मात्र नेमकं हेच म्हणतात आणि वर सभ्य ठरतात.

आता आकड्यांकडे येतो, कारण पोट त्याच्यावर चालतं. तुमचा हँडिकॅप इंडेक्स म्हणजे शेवटच्या 20 राउंडपैकी सर्वात चांगल्या 8 ची सरासरी. (कच्चा स्कोअर नव्हे, कोर्स किती अवघड आहे ते वजा-गुणून आलेला आकडा.) समजा ते आठ असे आहेत : 14.2, 14.8, 15.1, 15.5, 15.9, 16.2, 16.4, 16.7. सरासरी 15.6. यातले पहिले तीन पावसाळी, म्हणून ते 'टाकले नाहीत'. त्यांच्या जागी पुढचे आले : 17.0, 17.3, 17.8. नवी सरासरी 16.6. एकही खोटा आकडा न लिहिता पूर्ण एक स्ट्रोक खिशात. क्लबच्या स्पर्धेत नेट स्कोअरवर बक्षीस एका स्ट्रोकने जातं. कधी तेवढ्यानेही नाही, टायब्रेकवर जातं.

यावर उत्तर येतं की मी पावसाळ्यातला वाईट स्कोअरही टाकत नाही, सगळेच सोडतो. बरं. मग ऑगस्टमधला तो 98 यादीत कसा दिसतो? तेव्हा प्रिफर्ड लाय नव्हता? माझं निरीक्षण असं की तत्त्व नेहमी 83 च्या दिवशी आठवतं. आणि खरोखर सगळे सोडले, तरी वर्षातले तीन-चार महिने तुम्ही कसे खेळता याची नोंदच उरत नाही. आमच्या धंद्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, याला टेस्ट स्किप करणं म्हणतात. डॅशबोर्ड हिरवागार आणि आत काय चाललंय ते कुणालाच माहीत नाही.

गोल्फला हा रोग लवकर दिसत नाही, कारण त्याची नजर दुसरीकडे लागलेली आहे. खेळाच्या नियमांत कार्डावर एखाद्या होलचा स्कोअर खऱ्यापेक्षा कमी लिहिला तर तुम्ही बाद. जास्त लिहिला तर तो जास्तीचा आकडा तसाच कायम. 1968 च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विसेन्सोने सतराव्या होलवर 3 मारले, टॉमी आरनने त्याच्या कार्डावर 4 लिहिले, दे विसेन्सोने न बघता सही केली. 65 चे 66 झाले आणि बॉब गोल्बी एका स्ट्रोकने जिंकला. खेळाचा सगळा धाक असा खालच्या बाजूच्या खोटेपणासाठी आहे, वरच्या बाजूला चूक केली तर नुकसान तुमचंच, म्हणून सोडून दिलं. हँडिकॅपमध्ये मात्र गणित उलटं. इथे वाईट दिसण्यातच फायदा. चांगले स्कोअर लपवून हँडिकॅप फुगवण्याला इंग्रजीत सँडबॅगिंग म्हणतात. बॉबी जोन्सने 1925 च्या यूएस ओपनमध्ये कुणी पाहिलं नसताना स्वतःवर एक स्ट्रोक लावून घेतला आणि शेवटी प्लेऑफमध्ये हरला. ही गोष्ट प्रत्येक क्लबात सांगतात. सांगणाऱ्यांपैकी किती जणांचं जुलैमधलं रेकॉर्ड कोरं आहे, ते विचारायला हवं.

एक प्रकार मात्र मी वेगळा धरतो. चार मित्र आपसात ठरवतात की आज पहिला शॉट बिघडला तर दुसरा मारायचा आणि कुणाचा फूटभराचा पट मोजायचा नाही. खुशाल खेळा, मजा करा. ती कमिटीची सवलत नाही, आणि तसा स्कोअर मुळात ग्राह्यच नाही. न टाकणंच बरोबर. फक्त ते पहिल्या टीवर उभं राहण्याआधी ठरलेलं असावं. अठराव्या ग्रीनवर बेरीज पाहून 'आज आपण असंच खेळत होतो ना' म्हणणं चालणार नाही.

यात मरतो कोण? नवा खेळाडू. ज्याने पगारातून पैसे बाजूला काढून फी भरलीय, जो अजून 100 च्या आत येण्यासाठी धडपडतोय आणि प्रत्येक कार्ड निमूट टाकतो. त्याचा हँडिकॅप त्याच्या सुधारणेबरोबर खाली येतो. समोरच्या काकांचा दर पावसाळ्यात आराम करतो. वार्षिक स्पर्धेत काका जिंकतात, 'आज काय लागत होता चेंडू!' म्हणतात. खरं काय ते कॅडीला माहीत असतं, पण त्याचं पोट काकांच्या टिपवर, त्यामुळे तो बॅग पुसत राहतो.

आणि सवलतीमुळे स्कोअर खोटा होतो ही ज्यांना खरोखरच चिंता वाटते, त्यांच्यासाठी सिस्टीममध्ये सोय आहे. त्या दिवशी त्या कोर्सवर सगळे नेहमीपेक्षा कसे खेळले ते बघून ती हिशेब दुरुस्त करते. दिवस सोपा गेला तर एकाने, अवघड गेला तर तीनपर्यंत. पण त्यासाठी त्या दिवसाची निदान 8 ग्राह्य कार्डं लागतात, आणि तीही त्याच दिवशी टाकलेली. सातच आली तर दुरुस्ती शून्य. तेव्हा येत्या पावसाळी रविवारी पाय धुवायला जाण्याआधी फोन काढा, आकडा टाका, आणि शेजारी लॉकर उघडत असलेल्या माणसाला विचारा, त्याचा किती झाला.