ते घरी करतात, साहेब!

महाड सोडून पोलादपूरच्या वाटेला लागलं, की हॉटेलांच्या पाट्या वाचत जावं. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन. थोडक्यात, कोकण सोडून सगळं! आत शिरून कुळथाचं पिठलं मागा. आपण जेवण नव्हे, उसने पैसे मागितलेत, अशा चेहऱ्यानं वेटर म्हणतो, "ते घरी करतात, साहेब!"

या वाक्याशीच माझं भांडण आहे. अहो, घरी असतो तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? आणि पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत घरी आहे तरी कोण? किती तरी दारांना कुलपं, माणसं मुंबईला. एके काळी हाच कोकणी माणूस गिरणगावात खानावळवाल्या बायकांच्या हातचं जेवला. याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे परळला परक्या घरी गावच्या वळणाची भाजी-भाकरी, आणि गावी उतरल्यावर गोबी मंचुरियन!

कोरियन माणसं बघा. चाकण-रांजणगावात त्यांच्या कंपन्या आल्या, त्यामागोमाग पुण्यात त्यांच्या खानावळीही आल्या. तिथं मिळतं काय? आंबवलेल्या सोयाबीनची आमटी, भात आणि किमची, म्हणजे मुरवलेला तिखट कोबी. शुद्ध आजीच्या हातचं जेवण! सगळ्यांनी मिळून ही किमची घालायची त्यांची चाल २०१३ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जाऊन बसली. 'ते घरी करतात' म्हणून कुणी लाजलं नाही.

आमचं दुखणं तिथंच आहे. कुळीथ-नाचणी म्हणजे गरिबाचं खाणं, ते पाहुण्यापुढे कसं ठेवायचं? २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष पाळलं, नाचणीचे जगभर गोडवे गायले गेले. पण आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी ती बातमी अजून पोचायची आहे.

हॉटेलवाले म्हणतात, बिरड्याला फार खटपट. खरं आहे. वाल भिजवा, मोड आणा, मग एकेक दाणा सोला. पनीर काय, पुडकं फोडलं की झालं! मग लावा ना बिरड्याला पनीरचा भाव. कुरकुरत का होईना, देऊ आम्ही. फक्त त्यावर चीज किसू नका.